विमानाला लागलेला धूर: मिनिएचर वॉरगेमसाठी डॅमेज मार्कर घरच्या घरी

आमच्याकडे डायनिंग टेबलावर मिनिएचर वॉरगेम, म्हणजे छोट्या मॉडेल विमानांची लढाई, सुरू झाली की साधारण चौथ्या-पाचव्या टर्नला कोणीतरी विचारतंच, "अरे, ह्या तुझ्या मेसरश्मिटला नक्की किती लागलंय?" मग कागद शोधा, कागदावरची गिचमीड वाचा, विमानाशेजारी ठेवलेला फासा कोणाच्या तरी कोपराने उलटलेला, पाचाचे दोन झाले की मुळात दोनच होते ह्यावर दहा मिनिटं वाद, तोवर चहा गार. पहिले काही महिने मी पण फासेच ठेवत होतो, त्यात वाईट काही नाही, पण एवढ्या मेहनतीने रंगवलेली विमानं आणि त्यांच्या बुडाशी लुडोचे फासे, बघवत नाही हो.

तर डॅमेज मार्कर. विमानाला काय झालंय ते दाखवणारी खूण, मग तो धूर असेल, ज्वाळा असेल, मणी असेल नाहीतर बाण. मी आत्तापर्यंत बरेच बनवले, निम्मे फेकून दिले, आणि त्यातून एक पक्कं कळलं की मार्कर भारी दिसायच्या आधी त्याने दोन कामं नीट केली पाहिजेत. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला खुर्चीतून न उठता कळलं पाहिजे की ह्या विमानाचं नक्की काय बिघडलंय, आणि एका हाताने, विमान न हलवता, तो लावता-काढता आला पाहिजे. माझा पहिला धूर म्हणजे जत्रेतले म्हातारीचे केस होते, एवढा मोठा की आत स्पिटफायर आहे का हरिकेन हेच कळेना. फोटोत मस्त आला, खेळताना दुसऱ्या टर्नलाच काढून ठेवला.

सुरुवात करायच्या आधी तुमच्या खेळाचे नियम काढा आणि कुठलं कुठलं नुकसान टेबलावर दाखवायचंय तेवढं लिहून घ्या. बहुतेक खेळांत नुसते हिट मोजायचे असतात, शिवाय इंजिन, आग, पायलट जखमी, रडर (शेपटीवरचं वळायचं पातं) अडकलं, बंदूक जाम असली चार-पाच खास नुकसानं असतात. आणि एक लक्षात ठेवा, विंग्ज ऑफ ग्लोरीसारख्या खेळात डॅमेज कार्डं उपडी ठेवतात, समोरच्याला आकडा कळू द्यायचा नसतो, तिथे उत्साहाने हिट मोजणारे मणी लावलेत तर स्वतःचंच गुपित फोडाल. अशा खेळात फक्त बाहेरून दिसणारं नुकसान दाखवायचं, म्हणजे धूर आणि आग.

माप

मी १/२०० स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढ्या विमानांनी खेळतो. खऱ्या स्पिटफायरचे पंख ११.२३ मीटर, म्हणजे टेबलावर साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास, लांबी साडेचार. नॅट, हे भारतीय हवाई दलाचं छोटं जेट, तर अजून बारकं, पंख साडेतीन सेंटीमीटरसुद्धा नाहीत. धुराची शेपटी विमानाच्या लांबीच्या साधारण सव्वापट, बास. १/२०० ला पाच-सहा सेंटीमीटर, १/१४४ ला सात-आठ, १/३०० ला चार. त्यापेक्षा लांब केलंत तर मागच्या हेक्समधल्या (टेबलावरच्या षटकोनी घरातल्या) विमानाच्या पंख्यात जाऊन अडकतं, आणि डॉगफाइटमध्ये मागच्या हेक्समध्ये कोणीतरी असतंच, त्यासाठीच तर सगळा आटापिटा.

धुराचा रंग, इथे घाई करू नका

सगळे लोक सगळ्या विमानांना एकच काळा धूर लावतात. चालतं, पण थोडं डोकं लावलं तर रंगच माहिती सांगतो आणि वेगळी चिठ्ठी लागत नाही.

स्पिटफायर, हरिकेन, मेसरश्मिट १०९, ह्यांची इंजिनं लिक्विड-कूल्ड, म्हणजे इंजिन गार ठेवायला ग्लायकॉल फिरत असतं. रेडिएटरला किंवा पाइपला गोळी लागली की ते बाहेर पडून मागे पांढरी वाफेची रेघ उमटते. विमान अजून उडतंय, लढतंय, पण इंजिन तापत चाललंय आणि थोड्या वेळात ते जाम होणार हे नक्की. म्हणून माझ्याकडे पांढरा धूर म्हणजे "इंजिन डॅमेज, घड्याळ सुरू". काळा धूर म्हणजे तेल नाहीतर पेट्रोल जळतंय, प्रकरण गंभीर. आणि टाकी फुटून नुसतं पेट्रोल गळत असेल तर अगदी बारीक, विरळ पांढरट रेघ.

आता फोके-वुल्फ १९० (ए मालिका) किंवा जपानी झीरो घेतलंत तर त्यांची इंजिनं हवेने गार होणारी रेडियल, त्यांच्यात ग्लायकॉलच नाही, मग पांढरी जाड वाफ येणार कुठून? त्यांना काळा-करडा धूरच लावा. जेटचंही तेच. आम्ही अधूनमधून २२ नोव्हेंबर १९७१ ची, भारत-पूर्व पाकिस्तान सीमेवरच्या बोयऱ्याची हवाई चकमक खेळतो, दमदमहून उडालेली ४ नॅट विरुद्ध पाकिस्तानी सेबर जेट, त्यात मी पांढरा जाड धूर वापरतच नाही, काळा नाहीतर पेट्रोलची रेघ. मागच्या वेळी एका मित्राने सेबरला ग्लायकॉलचा धूर लावला आणि मी अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं, बायको आतून म्हणाली, "अहो, लावू द्या की त्याला."

धूर बनवायची कृती

सामान: फायबरच्या जुन्या उशीतलं भरण, नाहीतर फाटक्या टेडीच्या पोटातलं. २४ गेजची तार (जाडी अर्धा मिलिमीटर), फेविकॉल, काळा-पांढरा-करडा अ‍ॅक्रिलिक रंग, जुना राठ ब्रश, स्वस्तातला हेअर स्प्रे, छोटा पक्कड.

देवघरातला कापूस का नाही? कारण खरा कापूस रंग पितो, ओला झाला की चपटा होऊन बसतो आणि वाळल्यावर दिवाळीनंतरच्या विझलेल्या वातीसारखा दिसतो. फायबर पाणी पीत नाही, फुललेलं राहतं. अजून एक, आणि हे जरा गंभीरपणे घ्या: खऱ्या कापसावर सायनो ग्लू, म्हणजे तो सेकंदात चिकटणारा पातळ गोंद, कधीही ओतू नका. कापूस आणि तो गोंद एकत्र आले की रिअ‍ॅक्शन होऊन भयंकर उष्णता निघते, धूर येतो, बोट भाजतं. मी घाईत हे करून बसलोय, अंगठ्यावर फोड आला होता आणि घरी सांगायची पण लाज, काय करत होतास तर म्हणे खेळण्यातल्या विमानाला धूर लावत होतो.

तारेचा दहा-बारा सेंटीमीटरचा तुकडा कापा, मधोमध दुमडा आणि पक्कडीने दोन्ही पदर एकमेकांत पिळून घ्या. पिळलेली तार गुळगुळीत तारेपेक्षा फायबर जास्त घट्ट धरते. दुमडलेल्या टोकाला छोटं गोल भोक तसंच ठेवा, ते पुढे जोडणीला लागेल. दुसऱ्या टोकाचे दोन पदर शेवटचा सेंटीमीटरभर उकलून थोडे फाकवा, म्हणजे शेपटी रुंद होते.

फायबर पिंजायचं. आई-आजी फुलवातीसाठी कापूस कसा बोटांनी मोकळा करतात, अगदी तसं, चिमटीत धरून हळूहळू ओढत, गाठी सोडवत, आरपार दिसेल इतकं विरळ करायचं. वळायचं नाही! वातीसारखं वळलंत की दोरी होते, धूर होत नाही. असे चार-पाच पुंजके तयार करा, पहिला नखाएवढा, शेवटचा अंगठ्याएवढा.

तारेला फेविकॉलचा पातळ हात द्या, निम्मं पाणी निम्मा गोंद. नखाएवढा पुंजका पुढच्या बाजूला, मग क्रमाने मोठे मागे, प्रत्येक पुंजका आधीच्यावर थोडा चढवून. पुढे अरुंद मागे रुंद, गाजर उलटं धरल्यासारखं. मग ठेवून द्या, हात लावू नका. उन्हाळ्यात तासाभरात वाळतं, पुण्याच्या जुलैत मला रात्रभर ठेवावं लागलं तरी सकाळी चिकचिक होतीच.

रंग. ब्रश भरून रंग लावायचा नाही. ब्रश रंगात बुडवा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उरलेल्या रंगाने फायबरच्या टोकांवर नुसतं घासा. इंजिनजवळचा दीड सेंटीमीटर पूर्ण काळा, मधला भाग काळा-करडा मिसळून, शेवटचा भाग हलका करडा, अगदी टोक पांढरंच सोडलं तरी चालतं. धूर उगमाशी दाट आणि मागे विरत जातो, त्यामुळे एकसारखा काळा केलात तर काजळी झटकायचा ब्रश दिसतो. काळ्या स्प्रेचा डबा असेल तर हातभर लांबून बारीक फवारे, आणि पावसाळी दिवशी स्प्रे नकोच, हवेतल्या दमटपणाने स्प्रेचा थर पांढुरका पडतो. सगळं वाळलं की वरून हेअर स्प्रे, म्हणजे तंतू उडत नाहीत.

आता आकार द्या, आणि इथे निम्मे लोक चुकतात. धूर चुलीतून निघाल्यासारखा वर जाताना दाखवतात. अहो, स्पिटफायर ताशी पाचशे किलोमीटरच्या वर पळतंय, धूर वर जाईल कसा, तो सरळ मागे जाणार! नाकाच्या बाजूने निघून कॉकपिटच्या शेजारून शेपटीच्या मागे. तार हातानेच किंचित लाटेसारखी वाकवा, फार नाही. हेंकेल १११ सारखं दोन इंजिनांचं बॉम्बर असेल तर धूर पंखावरच्या इंजिनमागून निघाला पाहिजे, म्हणजे कुठलं इंजिन गेलं तेही कळतं आणि वहीत लिहायला नको.

पेट्रोल गळतीसाठी एवढा खटाटोप नको. मासेमारीचा तंगूस घ्या, त्याला पांढऱ्या फायबरचे चार-पाच तंतू फेविकॉलने चिकटवा, झालं.

आग

ज्वाळेसाठी ग्लू गन सोपी. बेकिंगच्या बटर पेपरवर ग्लूचा थेंब टाकायचा आणि गनचं टोक एका दिशेने झटकन ओढायचं, शेपूट तयार होते, अशा तीन-चार शेपट्या एकमेकींना जोडल्या की ज्वाळा. गार होईपर्यंत बोट लावू नका, तो ग्लू चटका देतो आणि वर चिकटून बसतो.

रंगवताना मात्र उलटं डोकं चालवावं लागतं. आपल्याला सवय अशी की आतून गडद बाहेरून उजळ, इथे आगीचा उगम सगळ्यात उजळ असतो. म्हणून आधी सगळं पांढरं, मग पिवळा, मग टोकाच्या बाजूच्या दोन-तृतीयांशावर केशरी, टोकाकडे लाल, आणि शेवटच्या टोकाला काळा. बुडाशी पांढरट-पिवळं तसंच राहू द्या. उलटं रंगवलंत तर ज्वाळा न वाटता लाल मिरची वाटते. ह्या ज्वाळेच्या मागच्या टोकाला वरचाच काळा धूर जोडला की आगीचा पूर्ण मार्कर तयार.

ज्वाळा कुठे लावायची ह्यातही गंमत आहे. स्पिटफायर मार्क वनच्या दोन्ही टाक्या पायलटच्या पुढे, इंजिन आणि कॉकपिटच्या मध्ये, मिळून ८५ गॅलन, म्हणजे ३८५ लिटरच्या आसपास पेट्रोल त्या बिचाऱ्याच्या मांडीसमोर. मेसरश्मिट १०९ ची टाकी सीटच्या खाली-मागे. म्हणून स्पिटफायरची ज्वाळा कॉकपिटच्या पुढून आणि १०९ ची कॉकपिटच्या मागून काढली की जाणकार माणूस गालात हसतो. बाकीच्यांना फरक पडत नाही, आणि तेही ठीक आहे.

एलईडीवाले पण आहेत. दिवाळीत मिळणाऱ्या बॅटरीच्या पणत्यांमधला लुकलुकणारा दिवा काढून धुरात लपवला तर अंधारात भारीच दिसतं. पण वजन वाढतं, नाण्यासारखा सेल कुठे लपवायचा हा प्रश्न, मी एकच केला, तो फक्त आग लागलेल्या बॉम्बरला. एलईडीच्या आजूबाजूला धूर म्हणून भांडी घासायची बारीक स्टील वूल मात्र वापरू नका, सेलची दोन्ही टोकं तिला टेकली तर ती खरीच पेटू शकते.

विमानाला लावायचं कसं

माझी अर्धी अक्कल ह्यातच खर्च झाली. तीन पद्धती सांगतो.

सगळ्यात सोपी म्हणजे स्टँडच्या दांडीला कडी. विमान ज्यावर उभं असतं त्या फ्लाइंग स्टँडची दांडी साधारण तीन मिलिमीटरची असते, त्याच जाडीच्या ड्रिल बिटवर धुराच्या तारेचं पुढचं टोक अडीच वेढे गुंडाळा, किंचित सैल. ही कडी विमान दांडीवर बसवायच्या आधी खाली सरकवून ठेवायची असते, त्यामुळे मधल्या टर्नला लावताना विमान उचलावं लागतं. त्यावर उपाय असा की वेढे पूर्ण करू नका, इंग्रजी सी अक्षरासारखी उघडी कडी करा, बाजूने दांडीला टच्चकन बसते. विमानाच्या रंगाला अजिबात धक्का लागत नाही म्हणून नवीन लोकांनी हीच करावी.

दुसरी, विमानाच्या पाठीवर बसणारा चिमटा. तार उलट्या यू सारखी वाकवून, दोन्ही पायांवर हीट श्रिंकची (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवायची नाहीतर तार रंग खरवडते. मोठ्या बॉम्बरला बरी, बारक्या फायटरला नको.

तिसरी, चुंबक. दिसायला सगळ्यात छान, कारण धूर थेट इंजिनमधून निघतो. धुराच्या टोकाला ३ बाय १ मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाने चिकटवायचा. आणि विमानात? आधी मी दोन्हीकडे चुंबक लावले, बारा विमानांना, आणि वाळल्यावर कळलं की सहा विमानं धुराला ढकलून देतायत, उत्तर ध्रुव दक्षिण ध्रुव बघायला विसरलो होतो. तेव्हापासून विमानात चुंबक नाही, फक्त लोखंडी टाचणीचं डोकं. इंजिनच्या बाजूला बारीक भोक पाडून टाचणीचं डोकं बसवा, वरून विमानाचाच रंग मारा, दिसतही नाही आणि ध्रुवाची भानगडच संपली. टाचणी आधी चुंबकाला लावून बघा, काही पितळी असतात. धातूचं मिनिएचर असलं तरी हे करावंच लागतं, कारण ती बहुतेक शिसं-कथलासारख्या धातूंची असतात, चुंबक त्यांना चिकटत नाही.

घरात लहान मूल असेल तर चुंबकवाली पद्धत सोडूनच द्या. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटून आतडं चिमटतात, ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं. नाण्यासारख्या सेलचंही तसंच, गिळला तर जीवावर बेतू शकतं.

कुठलीही पद्धत घ्या, धूर लावला की विमानाचं वजन मागे जातं आणि स्टँड कलंडतं. बेसच्या खाली लोखंडी वायसर चिकटवा, पुढच्या बाजूला किंचित सरकवून. हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात, दुकानदार विचारेल कशाला एवढे, सांगा काहीतरी.

बारीकसारीक खुणा

हिट मोजायला मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे मुलींच्या लूम बँडची ती रंगीत रबरं. एक हिट, एक रबर स्टँडच्या दांडीवर. पडत नाही, उलटत नाही, वाजत नाही, पाकिटात शेकड्याने येतात. पिवळं म्हणजे एक, लाल म्हणजे पाच, एवढं ठरवलं की झालं. कोणाला रबरं शोभत नाहीत वाटलं तर काळ्या पोतीचे मणी तारेवर ओवून बेसच्या कडेला छोटी पाटी करा, अ‍ॅबॅकससारखे सरकवायचे, पण बारीक मणी सरकवताना जाड बोटांची माणसं शिव्या घालतात.

रडर अडकलं तर बेसवर प्लास्टिकचा छोटा बाण, ज्या बाजूला वळता येत नाही त्या बाजूला तोंड करून. जुन्या डेबिट कार्डाचे कापा, एका कार्डात वीसेक निघतात. पायलट जखमी असेल तर बेसवर एक लाल मणी. बंदूक जाम असेल तर मी काही करत नाही, ते ज्याचं त्याने लक्षात ठेवावं, सगळंच टेबलावर आणलं तर बेस म्हणजे भेळेची डिश होते.

किती बनवायचे? बारा विमानांच्या खेळाला चार काळे, तीन-चार पांढरे, दोन आगीचे, तंगूसवाले दोन पुरतात, कारण ज्याला आग लागते ते विमान तसंही लवकर टेबलावरून जातं आणि मार्कर मोकळा होतो.

ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. चुंबकवाले आतून झाकणाला लटकतात, बाकीच्यांसाठी तळाला थर्माकोलचा तुकडा बसवून त्यात तारा टोचून ठेवायच्या म्हणजे धूर दबत नाही. दबलाच तर घाबरू नका, चहाच्या आधणाच्या वाफेवर दोन मिनिटं धरा आणि बोटांनी परत पिंजा, फुलतो. आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा काय आहे ते, आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी चहासोबत बिस्किटं म्हणून उघडला होता.